आधी खांदा, मग चिमटी : डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या हातांना घरच्या कामांतून वळण लावताना

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला घेऊन पालक माझ्याकडे पहिल्यांदा येतात तेव्हा मूल बहुतेकदा पाच-सहा वर्षांचे झालेले असते आणि तक्रार पेन्सिलीची असते. पेन्सिल धरत नाही, धरली तर दाबत नाही, दोन रेघा ओढल्या की टाकून देते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी सराव देणारी तज्ज्ञ म्हणून, अलिबाग-मुरूडपासून खाली दापोली-गुहागरपर्यंतच्या गावांतली मुले मी पाहत आले आहे, आणि अशा वेळी मुलाचा हात बघण्याआधी मी ते बसते कसे ते बघते. पाय लोंबकळत असतील, पाठीला पोक आलेला असेल आणि एक हात टेकवून मूल स्वतःला सावरत असेल, तर पेन्सिलीसाठी त्याच्याकडे एकच हात उरतो, आणि तोही खांद्यात सैल असतो. बोटांचे काम खांद्यापासून सुरू होते. पुढे जे काही लिहिले आहे ते या एका गोष्टीवर उभे आहे, आणि त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे सामान कोकणातल्या घरात, परसात आणि अंगणात आधीपासून पडलेले असते.

हात असा का असतो

शरीरातल्या पेशींमध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे हे डाउन सिंड्रोमचे कारण आहे, हे १९५९ मध्ये फ्रान्समधील जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. आपल्या कामापुरते महत्त्वाचे एवढेच, की या जादा प्रतीमुळे मुलांचे स्नायू जन्मतः शिथिल असतात आणि सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. धडाच्या मानाने हात आखूड, बोटे छोटी, करंगळी बऱ्याचदा आत वळलेली आणि मनगटातली हाडे भरायला इतर मुलांपेक्षा अधिक काळ लागतो, अशी या हाताची घडण असते. त्यामुळे मूल वस्तू धरताना अंगठ्याचा सांधा मागे वाकवून अडकवते, किंवा चिमटीऐवजी दोन बोटांच्या बेचक्यात वस्तू पकडते. पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. प्रत्यक्षात सैल सांध्याला आधार कुठून मिळेल याचा शोध ते मूल आपल्या परीने घेत असते.

वेळेबद्दलही आधीच बोललेले बरे. इतर बाळांना अंगठा आणि तर्जनी यांची चिमटी साधारण नऊ ते बारा महिन्यांत जमते. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांना ती पहिल्या वाढदिवसानंतर, कित्येकदा दुसरे वर्ष बरेच सरल्यावर जमते, आणि दोन मुलांमध्ये पुष्कळ फरक असतो. क्रम मात्र तोच राहतो. म्हणून शेजारच्या मुलाचे वय न पाहता आपल्या मुलाची पुढची पायरी कोणती ते पाहावे.

बैठक

जमिनीवर बसवायचे असेल तर मुलाच्या कंबरेला मागून भिंतीचा किंवा ओटीच्या कठड्याचा आधार द्या. ही मुले पाय दोन्ही बाजूंना अगदी रुंद फाकवून बसतात, कारण तशी बैठक त्यांना कष्टाविना स्थिर ठेवते. पण त्या बैठकीत धडाचे स्नायू काही काम करत नाहीत आणि हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जात नाहीत. मांडी घालून किंवा एका अंगावर पाय घेऊन बसण्याची सवय लावावी. खुर्चीवर बसत असेल तर पावले पूर्ण टेकलीच पाहिजेत, आणि त्यासाठी जेवायचा पाट पायांखाली सरकवला तरी पुरते. समोरचा पृष्ठभाग कोपराच्या उंचीला असावा. एवढ्या बदलाने, बोटांना एकही व्यायाम न देता, मुलाची पकड त्याच दिवशी सुधारलेली मी अनेकदा पाहिली आहे.

रांगणाऱ्या बाळाला लवकर उभे करण्याची घाई करू नका. रांगताना तळहातावर पडणारे शरीराचे वजन खांदा, कोपर आणि मनगट यांना जी ताकद देते ती दुसऱ्या कशाने सहज मिळत नाही. समुद्रकिनारी ओल्या, घट्ट वाळूवर रांगणे, उंबरठा ओलांडणे, ओटीच्या पायऱ्या हातापायांवर चढणे हे सगळे हाताचेच शिक्षण आहे.

पाच वर्षांच्या आतबाहेरच्या मुलासाठी माझे सर्वांत आवडते साधन म्हणजे जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे आवाराची बुटकी भिंत. मुलाच्या हातात पाण्याचे भांडे आणि नारळाच्या सोडणाचा (वरच्या तंतुमय सालीचा) एक टोक चेचलेला तुकडा द्या आणि गडगा ‘रंगवायला’ सांगा. ओला झाला की चिरा गडद होतो, त्यामुळे आपण काय केले ते मुलाला लगेच दिसते, आणि उन्हात पाच-दहा मिनिटांत तो वाळला की भिंत पुन्हा कोरी होते. उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट आपोआप मागे वळते आणि अंगठा मोकळा होतो. लिहिण्यासाठी नेमकी हीच स्थिती लागते. आडव्या कागदावर मनगटाची ही स्थिती शिकवायला मला कित्येक आठवडे लागतात. पावसाळ्यात गडग्याऐवजी पडवीची भिंत आणि खडू घ्यावा.

पकडण्याइतकेच सोडणेही शिकवावे लागते

वस्तू हातात घेण्यावर सगळ्यांचे लक्ष असते, पण ठरलेल्या जागी ती अलगद सोडता येणे ही वेगळी आणि अवघड गोष्ट आहे. लहान मूल वस्तू फेकते ते पुष्कळदा खोडी म्हणून फेकत नाही. मूठ उघडण्याचा तोच एक मार्ग त्याला जमलेला असतो. सुरुवात पसरट टोपलीने करा, मग रोवळी घ्या, मग करवंटी. टाकायला मोठे शिंपले किंवा अख्ख्या सुपाऱ्या घेता येतात, अर्थात वस्तू तोंडात घालण्याचे वय मागे पडल्यावरच. करवंटीत पडणाऱ्या सुपारीचा टणक आवाज हे मुलासाठी बक्षीसच असते. भांड्याचे तोंड जसजसे लहान होईल तसतशी मूठ उघडण्याऐवजी बोटे उघडू लागतात.

आता सावधगिरीचे दोन शब्द, कारण कोकणातली परसबाग जितकी उदार आहे तितकीच काही बाबतींत धोक्याची आहे. या मुलांचा वस्तू तोंडात घालण्याचा काळ लांबतो आणि गिळण्याची क्रियाही अनेकांत कमकुवत असते, म्हणून बारीक वस्तूंचा कोणताही खेळ मोठ्या माणसाने समोर बसूनच खेळवावा. लालबुंद गुंजा दिसायला मोहक असल्या तरी त्यांची बी चावली गेल्यास विषारी आहे. त्या घरात खेळायला नकोतच. ओल्या काजूबीच्या टरफलातला चीक कातडी भाजतो. फणसाच्या धुऊन वाळवलेल्या आठळ्या या दोन्हींपेक्षा कितीतरी बऱ्या.

वाल सोलण्याची गोष्ट

शिक्षण संपवून मी कामाला लागले तेव्हा माझ्या पिशवीत रंगीत मणी, चिमटे आणि प्लॅस्टिकच्या खुंट्यांचा फळा असे. अलिबागजवळच्या एका घरात सात वर्षांच्या मुलीसमोर मी तो फळा मांडला, आणि तिने दोन खुंट्या लावून तिसरी माझ्याकडे सरकवली. तिची आजी पडवीत बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसली होती. ती म्हणाली, “बाई, तुमचं होऊ द्या, मग आम्ही आमचं काम करतो.” मी फळा आवरला तशी ती मुलगी सरकत सरकत आजीजवळ गेली, परातीत हात घातला आणि वाल सोलू लागली. पहिला वाल तिने तळहातात चुरडला. आजीने काही न बोलता दुसरा वाल उचलला, मोडाकडचे टोक वर धरले, अंगठ्याने हलकेच दाबले आणि सालीतून डाळिंबी बाहेर सटकून परातीत पडली. नात बघत राहिली. चौथ्या-पाचव्या वालाला तिच्याही बोटांतून डाळिंबी सटकली, थेट माझ्या पायापर्यंत उडाली, आणि दोघी हसत सुटल्या. त्या दिवसापासून खुंट्यांचा फळा माझ्या पिशवीत क्वचितच असतो.

वालात नेमके काय आहे ते पाहा. साल ओली आणि निसरडी असल्यामुळे दोन बोटांच्या बेचक्यात तो टिकत नाही. अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकासमोर यावेच लागते. दाब बरोबर असेल तरच डाळिंबी सटकते, जास्त झाला तर फुटते, कमी पडला तर साल जागची हलत नाही, म्हणजे बरोबर-चूक सांगायला तुमची गरज उरत नाही. आणि शेवटी त्या डाळिंब्यांची आमटी सगळे घर जेवते. घरी हे करताना वाल सोलण्याआधी कोमट पाण्यात घालून ठेवावेत, म्हणजे साल सुटी होते. मुलाला पहिल्यांदा दहाच वाल वेगळ्या वाटीत द्यावेत. सगळी परात पुढे ठेवली की काम संपणारच नाही असे त्याला वाटते आणि ते उठून जाते. अंगठ्याचा सांधा मागे वाकत असेल तर तुमचे बोट त्या सांध्याखाली नुसते टेकवून धरा. कच्चे वाल तोंडात जाणार नाहीत याकडे लक्ष हवे.

वाल नसतील तेव्हा अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा वरचा पापुद्रा सोलणे, लसणीच्या पाकळ्या सुट्या करणे, तांदूळ निवडणे ही त्याच जातीची कामे आहेत. वैशाख आला की रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, आहेतच. पिकलेला रातांबा दोन्ही अंगठ्यांनी फोडायचा आणि बिया बोटाने ओढून काढायच्या, यात ताकद आणि नेमकेपणा दोन्ही लागतात. मात्र बोटाला चीर असेल तर रस झोंबतो, तेव्हा आधी हात तपासावेत.

दोन हात, दोन वेगळी कामे

एका हाताने धरायचे आणि दुसऱ्याने करायचे हे या मुलांना उशिरा जमते. त्यांचा दुसरा हात मांडीवर निवांत पडलेला असतो. नुसते ‘दुसरा हात लाव’ म्हणून उपयोग होत नाही, एका हाताने होणारच नाही असे काम द्यावे लागते. गणपतीच्या आरतीत मुलाच्या हाती झांज द्या. एक झांज कधी वाजत नाही. त्या वेळी दोन्ही हात छातीसमोर, मध्यरेषेवर येतात, आणि घरातली सगळी माणसे तीच क्रिया करत असल्यामुळे नक्कल करण्याची या मुलांची जी मुळातली आवड असते तिलाही खाद्य मिळते.

सोलकढीसाठी नारळाचा रस काढणे हे पकड वाढवणारे काम म्हणून मी कोणत्याही रबरी चेंडूच्या वर ठेवते. वाटलेले खोबरे कोमट पाण्यात कालवून पातळ फडक्यात घ्यावे, एका हाताने फडक्याचे तोंड धरावे आणि दुसऱ्याने पिळावे. पहिला पिळा मोठ्यांनी काढून फडके मुलाकडे द्यावे, म्हणजे त्याच्या वाट्याला मऊ चोथा येतो आणि तरीही बोटांमधून पांढरा रस उतरताना त्याला दिसतो. नारळ खोवण्याच्या विळीजवळ मात्र या वयात कोणत्याच मुलाचे काम नाही.

शिकवण्याची रीत

डाउन सिंड्रोम असलेली बहुतेक मुले ऐकून शिकण्यापेक्षा पाहून चांगली शिकतात. म्हणून बोलणे कमी करावे आणि दाखवणे वाढवावे. दाखवताना समोर बसण्यापेक्षा शेजारी बसावे, म्हणजे उजवे-डावे उलटे होत नाही. दाखवल्यावर थांबावे. हे थांबणे पालकांना फार जड जाते. मनातल्या मनात दहापर्यंत सावकाश मोजा. पुष्कळदा सात-आठवर मुलाचा हात हलतो, आणि नेमके तिसऱ्या-चौथ्या आकड्याला आपण त्याचे काम करून टाकलेले असते. आजी-आजोबांच्या घरात तर हे फारच होते. माया समजते, पण नातवाच्या शर्टाची सगळी बटणे दहा वर्षे आजीने लावली तर अकराव्या वर्षी ती आपोआप लागत नाहीत.

मदत करायची तर बोटांवर हात ठेवू नका. मनगटाला आधार द्या, मग कोपराला, मग नुसता खांद्यावर हात, आणि मग तोही काढून घ्या. दुसरी युक्ती म्हणजे काम शेवटाकडून शिकवणे. बटण काजातून तीन चतुर्थांश तुम्ही काढा आणि शेवटची ओढ मुलाला द्या. ती जमली की अर्ध्यावर सोडा, मग पाऊण काम त्याच्याकडे द्या. अशा रीतीने प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरे होते. शर्ट आधी अंगात न घालता मांडीवर पसरून, मोठ्या बटणांनी सुरुवात करावी. चेनच्या टोकाला जाड दोऱ्याचा फास बांधला की अर्धी लढाई जिंकलीच.

दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा मिनिटे पुरतात. जेवण ही तर रोजची हमखास वेळ आहे. पातळ पेज चमच्याने खायला लावून मुलाला आणि स्वतःला त्रास देण्यापेक्षा घट्ट मऊभाताने आरंभ करावा, आणि चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करावा. हाताने जेवायला मुळीच आडकाठी नको. आमटीभात कालवणे, त्याचा घास गोळा करणे आणि अंगठ्याने तो तोंडात ढकलणे यात जेवढी बोटांची हालचाल आहे तेवढी कोणत्या खेळण्यात सापडणार? मासे असतील तर काटे आधी काढून द्यावेत.

डॉक्टरांकडे कधी

हाताचा सराव करताना डोळे, कान आणि थायरॉइड विसरू नये. तिरळेपणा, चष्म्याचा नंबर, कानात साचणारे पाणी आणि थायरॉइडची कमतरता या मुलांत पुष्कळ आढळते. ज्याला वाल नीट दिसतच नाही त्याने तो सोलावा कसा? थायरॉइडची तपासणी वर्षातून एकदा करावी. सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो, तेव्हा दमवणारी कामे डॉक्टरांना विचारूनच ठरवावीत. मानेच्या वरच्या मणक्यांमधला सांधाही काहींत सैल असतो, म्हणून कोलांट्याउड्या किंवा डोक्यावर उभे राहणे टाळावे. मान दुखते, मान वाकडी धरली जाते, चाल बदलते, लघवीवरचा ताबा जातो, किंवा हाताला आलेली पकड अचानक जाते, यांपैकी काहीही दिसले तर तो कंटाळा समजून सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच कोकणात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या या तपासणीत डाउन सिंड्रोमचाही समावेश आहे, आणि तिची पथके अंगणवाडीत व शाळेत येतात. पथकाने जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान वयातच उपचार सुरू करणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी दिली तर ती कपाटात ठेवू नका. एसटीने जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो हे खरे, पण महिन्यातून एकदा थेरपिस्टने हात पाहून पुढची पायरी सांगितली तर उरलेले एकोणतीस दिवस घरी काय करायचे ते स्पष्ट असते.

आणि मग पेन्सिल

वरची कामे चालू असताना पेन्सिल आपोआप जवळ येते. लांब पेन्सिलीऐवजी बोटाच्या पेराएवढा खडूचा तुकडा द्या. त्याला मूठ बसतच नाही, तीन बोटांनीच तो धरावा लागतो. उरलेली दोन बोटे उघडी पडत असतील तर त्यांच्याखाली कापसाचा छोटा बोळा धरायला लावावा. कागदापेक्षा पाटी मला अधिक पसंत आहे, कारण तिच्यावर खडू घासला जातो तो बोटांना जाणवतो. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत बोटाने किंवा सुपात पसरलेल्या तांदळाच्या पिठात रेघ ओढणेही त्याच कारणाने चांगले. आधी उभी रेघ, मग आडवी, मग गोल आणि मग फुली, हा क्रम ठेवावा. अक्षरांची सुरुवात ‘अ’पासून करण्याचा हट्ट मात्र सोडावा, कारण त्या एका अक्षरात यांतल्या बऱ्याच गोष्टी एकदम मागितल्या जातात. त्यापेक्षा ‘ट’, ‘ठ’, ‘व’ सोपे पडतात.

नाव लिहायला शिकवतानाही शेवटाकडूनच यावे, आणि देवनागरीने ती सोय आयती करून ठेवली आहे. पाटीवर मुलाच्या नावाची अक्षरे तुम्ही शिरोरेषेशिवाय काढा, खडू त्याच्या हातात द्या आणि वरची रेघ डावीकडून उजवीकडे त्याला ओढू द्या. रेघ वाकडी जाईल, एखाद्या अक्षरातून आरपार जाईल. तरी ती पुसून सरळ करू नका. दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या अक्षराचा काना त्याच्यासाठी सोडा, आणि शिरोरेषा त्यानंतर, पुन्हा त्याच्याच हातून.